पत्र्याच्या शेडची भिंत दोन तास आग अडवेल अशी कशी करायची?

बॉक्सवाला_गोकुळशिरगाव

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं शेड आहे. लांबी २४ मीटर, रुंदी १५ मीटर, वळचणीला उंची ६ मीटर, मोभाला ७.५. आयएसएमबीचे (आय आकाराच्या पोलादी सेक्शनचे) कॉलम, पाइपचे ट्रस (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे), दर ६ मीटरला एक. बाजूच्या भिंतीला ०.५ मिमीचा कलर कोटेड पत्रा आहे, आडव्या सी-पर्लिनवर (सी आकाराच्या पातळ पोलादी पट्ट्यांवर) सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने मारलेला. पर्लिनमधलं अंतर दीड मीटर.

अर्ध्या भागात मशीन शॉप आहे आणि अर्ध्यात पॅकिंगचं गोडाऊन. गोडाऊनमध्ये कोरुगेटेड बॉक्स, बबल शीट, थर्मोकोल आणि लाकडी पॅलेट असा माल असतो. मधलं पार्टिशनही साध्या पत्र्याचंच. पश्चिमेकडे साडेतीन मीटरवर शेजाऱ्याचं शेड आहे आणि त्याच्याकडे प्लायवूड भरलेलं असतं.

विम्याच्या सर्व्हेअरने दोन भिंती दोन तासांच्या रेटिंगच्या (दोन तास आग अडवणाऱ्या) करायला सांगितल्यात: पश्चिमेची २४ मीटरची (तिला अ म्हणू) आणि मधलं पार्टिशन (ब). फॅब्रिकेटर म्हणतो, ५० मिमीचं पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) लावा, काम झालं. पेंटर म्हणतो, पत्र्याला फायर पेंट मारून देतो. दोघांचंही पटत नाहीये. पत्रा मुळात जळतच नाही, मग त्याला नक्की काय करायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

पर्लिन_शिरोली

दादा, पत्रा जळत नाही हे खरं, पण आग अडवणं हे वेगळं काम आहे. भिंतीचं रेटिंग ठरवताना तीन गोष्टी तपासतात. भिंत उभी राहते का, तिला भेग पडून पलीकडे ज्वाळा जाते का, आणि पलीकडची बाजू किती तापते. तिसऱ्याची मर्यादा अशी की मागच्या बाजूचं तापमान सरासरी १४० अंशांपेक्षा आणि कुठल्याही एका ठिकाणी १८० अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये. चाचणीच्या भट्टीत अर्ध्या तासात सुमारे ८४० अंश, तासाभरात ९४५ आणि दोन तासांत १०५० अंश होतात. उघडा पत्रा तिसऱ्या कसोटीत काही मिनिटांतच नापास होतो, कारण अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादातून उष्णता लगेच पलीकडे पोचते.

नुसता ५०० अंशांपर्यंत तापलेला पत्रा चौरस मीटरमागे १६ ते २० किलोवॅट उष्णता फेकतो. ठिणगी जवळ असेल तर वाळलेलं लाकूड साधारण १२ किलोवॅटलाच पेट घेतं. म्हणजे भिंतीला भोक न पडताही पलीकडे टेकून ठेवलेले बॉक्स पेटतील.

आता पर्लिनचं. पोलाद अंशाला मीटरमागे ०.०१२ मिमी वाढतं. ६ मीटरची पर्लिन ५०० अंशांनी तापली तर ३६ मिमी लांब व्हायला बघते. दोन्ही टोकांना कॉलमच्या क्लीटला बोल्ट मारलेला, जाणार कुठे? मग ती पोटातून बाहेर येते, पत्र्याचे जोड उघडतात, स्क्रूची भोकं फाटतात. ५५० अंशांच्या आसपास पोलादाची ताकद साठ टक्क्यांवर येते, आणि पातळ सी-सेक्शन तिथवर फार लवकर पोचतं.

पफ पॅनल लावू नका. थंडाव्यासाठी ते उत्तम, पण गाभा पॉलियुरेथेनचा आहे. तापल्यावर पत्रा गाभ्यापासून सुटतो आणि आग आतल्या आत सरकत जाते. बाहेरून मारलेलं पाणी तिथे पोचत नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. थर्मोकोलचा गाभा असलेलं पॅनल तर १०० अंशांच्या आसपासच मऊ पडून आक्रसतं. पॅनलच हवं असेल तर रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर) गाभ्याचं, १०० मिमी किंवा जास्त जाडीचं घ्या, आणि दोन तासांचा टेस्ट रिपोर्ट त्याच जाडीचा, त्याच जोडाचा आहे ना ते वाचून मगच.

फायर पेंट ही फुगणारी चीज आहे. तापल्यावर फेसाळून जाड थर बनतो आणि आतल्या पोलादाला वाचवतो. त्याची जाडी पोलादाच्या घेर आणि क्षेत्रफळाच्या गुणोत्तरावर ठरते. साध्या कॉलम-बीमला हे गुणोत्तर दीडशे ते तीनशेच्या घरात येतं. ०.५ मिमी पत्र्याला एकाच बाजूने धरलं तरी २००० येतं, आणि तिथपर्यंत कुठल्याच कंपनीचा तक्ता जात नाही. वर कलर कोटिंगवर तो थर धरून राहील याची खात्री नाही. कॉलमला तो पेंट जरूर मारा. पत्र्याला मारणं म्हणजे पैसे वाया.

बोर्डवाला_उद्यमनगर

वरचं सगळं बरोबर आहे. मी ब भिंतीचं सांगतो, कारण ती जिप्सम बोर्डात नीट बसते.

जिप्समच्या खड्यात वजनाच्या साधारण २० टक्के पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं. भिंत तापली की आधी ते पाणी वाफ होऊन निघून जातं, आणि तोवर बोर्डाची मागची बाजू १०० अंशांच्या आसपासच अडून राहते. फायर बोर्डाच्या दोन थरांत चौरस मीटरमागे चार ते पाच लिटर पाणी असतं, ही त्याची खरी ताकद. फायर बोर्डात काचतंतू घातलेले असतात म्हणून पाणी गेल्यावरही तो चिरफाळून पडत नाही. साधा पांढरा बोर्ड पडतो. फायर बोर्ड सहसा गुलाबी कागदाचा असतो, हिरवा म्हणजे ओलाव्याचा. पीओपीवाले "बोर्ड म्हणजे बोर्ड" म्हणून साधा लावून मोकळे होतात, त्यामुळे माल उतरताना मागचा शिक्का वाचा.

दोन तासांसाठी ब भिंतीची रचना अशी: मध्ये जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे) स्टड, म्हणजे उभे खांब, ६०० मिमी अंतरावर, दोन्ही बाजूंना फायर बोर्डाचे दोन-दोन थर, पोटात ५० मिमी रॉकवूल, घनमीटरला ४८ किलो घनतेचं. बोर्ड १२.५ चा की १५ चा, हे ज्या कंपनीची सिस्टीम घ्याल तिच्या टेस्ट रिपोर्टवर ठरवा. एका कंपनीचा स्टड, दुसरीचा बोर्ड, तिसरीचा रिपोर्ट असं चालत नाही. रेटिंग पूर्ण रचनेचं असतं, सुट्या मालाचं नसतं.

उंचीकडे लक्ष द्या. ऑफिसच्या पार्टिशनला वापरतात ते ५० किंवा ७० मिमीचे स्टड इथे हलतील. १४६ मिमीचे स्टड लागतील, आणि मोभापाशी दोन स्टड पाठीला पाठ लावून. कंपनीकडे उंचीचा तक्ता असतो, तो मागून घ्या.

खालचे १.२ मीटर बोर्ड लावूच नका. ९ इंची वीटकाम किंवा सॉलिड काँक्रीट ब्लॉक करा, वर आरसीसीचा पट्टा टाका आणि त्यावर खालचा चॅनल (स्टड ज्यात उभे राहतात ती पन्हळीसारखी पट्टी) बसवा. फोर्कलिफ्टचा धक्का, फरशी धुतल्याचं पाणी, पावसात दारातून येणारा लोंढा, सगळं वीटकाम सोसतं. बोर्ड एकदा तळातून भिजला की फुगतो, आणि भिजून वाळलेल्या बोर्डाच्या रेटिंगचं कुणी सांगू शकत नाही. शिरोलीकडच्या सखल भागातल्यांनी तर हे पक्कं ध्यानात ठेवावं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं.

माल किती लागेल? ब भिंतीचं पूर्ण क्षेत्र १०१ चौमी, खालचं वीटकाम वजा केलं की ८३. दोन्ही बाजूंना दोन थर म्हणजे ३३२ चौमी बोर्ड. ४ फूट बाय ६ फुटाचा बोर्ड २.२३ चौमीचा, म्हणजे १४९ नग. वरचा भाग तिरका कापावा लागतो म्हणून दहा टक्के जास्त धरा, १६५ मागवा. स्टड २६ ओळी आणि दाराच्या दोन्ही अंगाचे वेगळे. रॉकवूल ८३ चौमी. स्क्रू साडेचार हजारांच्या घरात, पहिल्या थराला २५ मिमी, दुसऱ्याला ३५ किंवा ३८ मिमी.

लावताना जिथे घोटाळा होतो ते सांगतो. दुसऱ्या थराचे जोड पहिल्या थराच्या जोडावर यायला नकोत, निदान एक स्टड सरकवून घ्या. समोरासमोरच्या बाजूंचे जोडही एकाच स्टडवर नकोत. स्क्रू कडेने २०० मिमी आणि मध्ये ३०० मिमी अंतरावर, बोर्डाच्या कडेपासून १२ मिमी आत. स्क्रूचं डोकं कागद फाडून खोल गेलं तर तो स्क्रू धरत नाही, शेजारी दुसरा मारा. पहिल्या थराच्या जोडांतही कंपाउंड भरा. "आतलं कोण बघतंय" म्हणून तिथे फटी ठेवतात, आणि ज्वाळा बरोबर तिथूनच वाट काढते.

वरच्या चॅनलला स्टड स्क्रूने पक्का बांधू नका. आगीत छत खाली वाकतं. पक्कं बांधलं तर ते भिंतीला दाबून वाकवतं. खोल कडांचा चॅनल घ्या, स्टड २५ मिमी आखूड ठेवा, बोर्डही तेवढा आखूड आणि ती फट रॉकवूल दाबून भरून वर फायर सीलंट. तरी ट्रस २५ मिमीपेक्षा कितीतरी जास्त वाकू शकतो, म्हणून भिंत ट्रसच्या अगदी खाली घेऊ नका. दोन ट्रसच्या मध्ये घ्या.

मध्ये घेतली की दुसरा प्रश्न येतो. छताच्या पर्लिन भिंतीतून आरपार जातात. दोन्ही उतारांच्या मिळून बारा-चौदा तरी असतील, आणि प्रत्येक पर्लिन म्हणजे भिंतीला एक भोक. सी-सेक्शनच्या पोटात ३०० मिमी लांबीपर्यंत रॉकवूल ठासून भरा, भोवती बोर्डाची चौकट करा, राहिलेल्या फटीत सीलंट. वर पत्र्याच्या नागमोडी पोकळ्या राहतात, त्यातही रॉकवूलच. फोमची पट्टी नको.

वीटकाम_कागल

बोर्डवाले दादांनी ब चं छान सांगितलं. अ भिंत मात्र बोर्डात करू नका.

कारण आग कोणत्या बाजूने येईल ते ठाऊक नाही. अ भिंतीत पत्रा बाहेर, पर्लिन मध्ये, आणि तुम्ही आतून दोन थर मारले तर ती भिंत फक्त तुमच्या आगीपासून शेजाऱ्याला वाचवेल. शेजाऱ्याचं प्लायवूड पेटलं तर बाहेरचा पत्रा तापणार, त्यामागच्या पर्लिन तापून वाकणार आणि त्यांच्यावर मारलेला बोर्ड घेऊन खाली येणार. एका बाजूने चाचणी झालेल्या रचनेला उलट्या बाजूने तेच रेटिंग मिळेल असं गृहीत धरता येत नाही. दोन्ही बाजूंनी बोर्ड हवा तर पत्रा काढावा लागतो, आणि पश्चिमेची भिंत म्हणजे आपल्याकडे जून ते सप्टेंबर थेट पावसाच्या तोंडावर. पत्र्याच्या आतल्या बाजूला घामही धरतो. जिप्समला हे मानवणार नाही.

आत स्वतंत्र एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची) भिंत घ्या. २०० मिमी जाडी, दोन्ही बाजूंनी गिलावा. दोन तास सहज, आणि दोन्ही बाजूंनी. साडेचार इंची वीटसुद्धा गिलाव्यासकट दोन तासांच्या जवळ जाते, पण ६ मीटर उंचीला ती उभी राहणार नाही. ९ इंची वीट राहील, पण वजन बघा. ९ इंची भिंत ६ मीटर उंच घेतली तर धावत्या मीटरला पावणेतीन ते तीन टन. एएसी गिलाव्यासकट साधारण १.१ टन. पायाच्या खर्चात मोठा फरक पडतो.

पायाचं आधी बघा. कोब्यावर भिंत उभी करायची नाही. काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, भिंतीला तिरक्या भेगा जातात, आणि भेग गेली की रेटिंगही गेलं. मातीच्या खाली मुरूम लागेपर्यंत खणा. दर ३ मीटरला आरसीसी कॉलम, म्हणजे २४ मीटरला ९, प्रत्येकाला स्वतःचं फूटिंग आणि खाली जोडणारी प्लिंथ बीम. उंचीत दर १.२ ते १.५ मीटरला आरसीसीचा पट्टा. सळई आणि मापं स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या. वाऱ्याचा हिशोब त्यात यायलाच हवा, कारण पत्रा पडला तर ही भिंत उघडी पडते.

भिंत शेडच्या कॉलमपासून ५० ते ७५ मिमी सुटी ठेवा आणि कॉलमला बांधू नका. आगीत छत कोसळताना ट्रस कॉलमला आत ओढतो. भिंत त्याला बांधलेली असेल तर तीही त्याच्याबरोबर जाते. मग ऐन गरजेच्या वेळीच दोन शेडमध्ये आडोसा राहत नाही.

ब्लॉक ६०० बाय २०० बाय २०० चे. १४४ चौमीला चौरस मीटरमागे ८.३३ धरले तर १२००. कॉलम-पट्ट्यांची जागा वजा आणि तुटफूट अधिक करून तेवढेच लागतील. जोडाला ब्लॉकचं तयार पातळ मॉर्टर वापरा, ३ ते ४ मिमी. सिमेंट-वाळूचा जाड जोड देणारा गवंडी असेल तर ब्लॉक आधी पाण्याचा हलका हबका मारून ओला करा, पण टाकीत बुडवू नका. बुडवलेला ब्लॉक महिनोन्महिने ओल धरतो आणि गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात. कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर गिलाव्याआधी कोंबडीजाळी किंवा फायबर मेश मारा. सगळ्यात खालचे दोन थर एएसीचे न घेता सॉलिड काँक्रीट ब्लॉकचे घ्या, म्हणजे ओल वर चढत नाही. लांबीत मध्ये एक विस्तार सांधा ठेवा. त्यात थर्मोकोल भरायची सवय आहे गवंड्यांना, तिथे रॉकवूल आणि दोन्ही बाजूंनी सीलंट भरून घ्या.

पर्लिन_शिरोली

@वीटकाम, सहमत. अ ला एएसी आणि ब ला बोर्ड, हाच मेळ योग्य.

बॉक्सवाले दादा, अ भिंतीच्या वरच्या भागात हवेसाठी लूव्हर किंवा जाळ्या आहेत का? असतील तर बंद कराव्या लागतील. आणि छतात उजेडासाठी पारदर्शक एफआरपीचे (काचतंतू घातलेल्या प्लॅस्टिकचे) पत्रे किती आहेत, कुठे आहेत?

बॉक्सवाला_गोकुळशिरगाव

लूव्हर आहेत, प्रत्येक बे मध्ये (दोन ट्रसमधल्या भागात) एक, ३ फूट बाय २ फूट. पारदर्शक पत्रे दर बे ला दोन, वळचणीपासून मोभापर्यंत. छताखाली उन्हासाठी चंदेरी बबल इन्सुलेशन पूर्ण शेडभर लावलेलं आहे. ब भिंतीत २.४ मीटर रुंद दार आहे, फोर्कलिफ्ट जाते, सध्या साधं रोलिंग शटर. वीज, हवेची लाइन आणि पाण्याचा पीव्हीसी पाइप ब भिंतीतून जातात.

ऑडिट_फायर_कोप

मग भिंतीइतकंच काम भिंतीच्या वर आणि भोकांत आहे.

सगळ्यात आधी ते चंदेरी बबल. वरून ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा असला तरी आत पॉलिथिलीन आहे. पेटलं की ते जळते थेंब खाली टाकतं आणि छताखालून धावत दुसऱ्या टोकाला जातं. तुमची ब भिंत दोन तासांची असली आणि बबल तिच्यावरून अखंड गेलेलं असलं, तर आग भिंतीला वळसाही न घालता वरूनच पलीकडे जाईल. ब भिंतीच्या दोन्ही बाजूंना आणि अ भिंतीच्या कडेने निदान २ मीटर पट्टा काढून टाका. गोडाऊनच्या भागातलं तर पूर्णच काढा आणि तिथे ग्लासवूल किंवा रॉकवूलची गादी लावा. गादीचं आवरण फॉइल-क्राफ्टचं की प्लॅस्टिक फिल्मचं हे विचारून घ्या. लोकर जळत नाही, पण प्लॅस्टिकचं आवरण जळतं.

पारदर्शक पत्रे: एफआरपी जळतो आणि छताला भोक पाडतो. ब भिंतीच्या दोन्ही बाजूंना २ ते ३ मीटरमधले आणि अ भिंतीच्या वरचे काढून साधा पत्रा लावा. मोभाकडचे राहू द्या, धूर-उष्णता बाहेर जायला त्यांचा उपयोगच होतो. जमत असेल तर ब भिंत छताच्या वर काढा, सुमारे एक मीटर. छताला भोक पाडायचं म्हणजे गळतीची भीती, हे कळतं. पण फ्लॅशिंग (सांधा झाकणारी पत्र्याची पट्टी) नीट केलं तर गळत नाही, आणि आगीला वरून उडी मारायची वाट बंद होते. वर काढणार असाल तर छताच्या वरचा भाग बोर्डाचा चालणार नाही, आणि तिथवरच्या आधाराचा हिशोब इंजिनिअरने आधीच करायला हवा.

लूव्हर ब्लॉकच्या भिंतीत ठेवू नका. हवा मोभाच्या व्हेंटिलेटरने आणि पूर्वेच्या भिंतीतून घ्या. अ बाजूला पीव्हीसीचं पन्हळ असेल तर जीआयचं करा.

दार: रोलिंग शटर ही तापलेल्या पत्र्याचीच गोष्ट, वर पट्ट्यांत फटी. दोन तासांचं टेस्टेड सरकतं फायर दार घ्या. वरचा रूळ थोडा उतरता असतो, वजनाने दार आपोआप बंद होतं, आणि ते उघडं धरून ठेवणारी कडी ७० ते ७५ अंशांना वितळते. त्या कडीला रंग मारू नका आणि दाराच्या वाटेत पॅलेट ठेवू नका. फरशीवर पिवळा पट्टा आखा. माणसांसाठी शेजारी वेगळं एक पल्ल्याचं फायर दार हवंच, आपोआप बंद करणाऱ्या क्लोजरसह. त्याची चौकट पोकळ सोडायची नाही, आत मॉर्टर भरून घ्यायचं. पल्ला आणि चौकटीतली फट ३ ते ४ मिमीच्या आत, आणि त्यात फुगणारी पट्टी. सरकत्या दाराचं वजन जिप्समच्या भिंतीवर टांगू नका. दोन्ही अंगांना आरसीसी किंवा ब्लॉकचे खांब आणि वर लिंटेल घ्या.

भोकं: शक्य तितकी एकत्र आणा आणि खालच्या वीटकामातून न्या, बंद करायला सोपं जातं. केबल ट्रेसाठी १४० किलो घनतेचे ५० मिमी रॉकवूल बोर्ड दोन, केबलच्या आकाराने कापून घट्ट बसवायचे, सांध्यांना आणि पृष्ठभागाला फायर कोटिंग, केबललाही दोन्ही बाजूंनी सिस्टीममध्ये सांगितलं आहे तितक्या लांबीपर्यंत. लोखंडी पाइपाला भोवती १० ते २५ मिमी फट ठेवा, मागे रॉकवूल, वर सीलंट. पीव्हीसी पाइप वितळून भोक मोकळं करतो, त्याला नुसतं सीलंट पुरत नाही. भिंतीच्या दोन्ही अंगांना फुगणारी कॉलर लागते, किंवा भिंतीपुरता पाइप जीआयचा करून टाका, जो स्वस्त उपाय आहे. पिवळ्या पीयू फोमने भोकं बुजवायची आपल्याकडे फार वाईट सवय लागली आहे. तो फोम स्वतः पेटतो. ब भिंतीत स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवू नका. मध्ये निदान एक स्टड सोडा.

आणि ही कामं होऊन गेल्यावर सहा महिन्यांनी इंटरनेटवाला येऊन ड्रिल मारतो. भिंतीवर दोन्ही बाजूंना ठळक लिहा: "दोन तासांची फायर भिंत. भोक पाडण्याआधी विचारा."

माल भिंतीपासून ६० सेंमी लांब रचा. गठ्ठे बोर्डाला टेकून ठेवले की बोर्ड आत दबतो, जोड सुटतात, आणि ते दिसतही नाही.

बॉक्सवाला_गोकुळशिरगाव

फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. अजून दोन प्रश्न. कॉलमला फायर पेंट किती? आणि विमा कंपनी व एमआयडीसीला नक्की कोणते कागद दाखवायचे?

पर्लिन_शिरोली

कॉलमच्या पेंटचा आकडा इथे देता येणार नाही. सेक्शन कोणता, किती बाजू उघड्या आणि किती मिनिटं, यावर ड्राय फिल्मची जाडी कंपनीच्या तक्त्यातून काढतात. हलक्या सेक्शनला दोन तास पेंटने मिळवणं परवडत नाही. तिथे कॉलमला चौकोनी बोर्डाचं वेष्टण किंवा काँक्रीटचं आवरण स्वस्त पडतं. तुमचा अ बाजूचा कॉलम ब्लॉकच्या भिंतीच्या बाहेर राहतो, त्यामुळे आतल्या आगीपासून तो आपोआप झाकला जातो. बाहेरच्या आगीपासून मात्र नाही. पूर्वेचे आणि ब जवळचे कॉलम आधी घ्या. आणि काळा-लाल गंज खरवडल्याशिवाय, योग्य प्रायमरशिवाय मारलेला फायर पेंट फुगायच्या आधीच सोलून पडतो.

ऑडिट_फायर_कोप

कागदांचं: प्रत्येक रचनेचा टेस्ट रिपोर्ट, भारतीय मानक आयएस ३८०९ किंवा बीएस ४७६ च्या भाग २२ प्रमाणे. त्यात भिंतीची उंची, स्टडचं माप आणि आगीची बाजू तुमच्या भिंतीशी जुळते का ते बघा. ३ मीटर उंचीच्या नमुन्याचा रिपोर्ट ६ मीटरला जसाच्या तसा लावता येत नाही, कंपनीकडून वाढीव उंचीसाठी लेखी मूल्यांकन घ्या. दाराचा, सीलंटचा आणि कॉलरचा रिपोर्ट वेगळा. ब्लॉकच्या भिंतीला इंजिनिअरचं ड्रॉइंग आणि सही.

एमआयडीसीचं स्वतःचं अग्निशमन खातं आहे. आतल्या भिंती आणि दारं बदलताय म्हणजे काम सुरू करण्याआधीच त्यांच्याकडे नकाशा दाखवा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी (अग्निसुरक्षेची व्यवस्था चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो, त्या तपासणीत ही दारं आणि सील केलेली भोकं दाखवून घ्या. विम्याच्या सर्व्हेअरला मात्र आधी ड्रॉइंग दाखवून त्याचा होकार ईमेलवर घ्या. त्याला "दोन तास" म्हणजे दोन्ही बाजूंनी हवेत का, हे भिंत बांधून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

वीटकाम_कागल

कामाचा क्रम: अ चं खोदकाम आणि फूटिंग पाऊस लागायच्या आधी, नाहीतर सरळ दिवाळीनंतर. भर पावसात काळ्या मातीत खड्डा उघडा ठेवला की बाजू ढासळतात आणि शेडच्या जुन्या फूटिंगखालची माती सैल होते. एका वेळी एकाच कॉलमजवळचा खड्डा खणा, भरून घ्या, मग पुढचा.

बोर्डवाला_उद्यमनगर

आणि ब चं बोर्डाचं काम सगळ्यात शेवटी. आधी छताची गळती काढा, मग पर्लिनची भोकं, वीज-हवेच्या लाइन, शेवटी बोर्ड. वेल्डिंगची जेवढी कामं आहेत ती रॉकवूल आणि बोर्डाआधी, आणि गोडाऊनमधला थर्मोकोल हलवूनच. बोर्डाचे गठ्ठे पॅलेटवर आडवे ठेवा, भिंतीला उभे टेकवलेले वाकतात. पहिला थर आणि रॉकवूल झाकण्याआधी प्रत्येक बे चे फोटो काढून ठेवा, जोड आणि स्क्रूचं अंतर दिसेल असे, शेजारी टेप धरून. झाकल्यानंतर ते बघायचं तर बोर्ड फोडावा लागतो.

बॉक्सवाला_गोकुळशिरगाव

ठरलं. अ चं ड्रॉइंग काढायला इंजिनिअरला या आठवड्यात बोलावतो. तोवर बबल आणि लूव्हरचं काम सुरू करतो, त्याला पावसाची आडकाठी नाही.

पर्लिन_शिरोली

बबल काढताना मोभाकडून सुरू करून वळचणीकडे या, आणि त्या दिवशी खाली ग्राइंडर-वेल्डिंग पूर्ण बंद ठेवा. काढलेला माल शेडमध्ये साठवू नका, त्याच दिवशी बाहेर काढा.